आधी पाय बघायचे

जुन्या प्राण्यांच्या चित्रांचा नाद लागला की हळूहळू एक खोड लागते, चेहरा सोडून भलतीकडेच बघायची. मला पायांची लागली. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं कुठलंही चित्र समोर आलं, गेंडा असो, कांगारू असो, पोपट असो, मी आधी खाली बघते. हा उभा कसा आहे, कशावर उभा आहे, बोटं किती काढलीत, मुळात पाय आहेत का. चेहरा काढताना चित्रकार सावध असतो, तिथे त्याने जीव ओतलेला असतो, आणि ओतता ओतता थोडा माणूसही ओतलेला असतो (जुने सिंह बघा, निम्मे सिंह दुपारची झोप मोडलेल्या काकांसारखे दिसतात). पायांपाशी मात्र त्याच्याकडची माहिती संपते. प्राणी त्याच्यापर्यंत जिवंत आला होता, मेलेला आला होता, नुसतं कातडं आलं होतं की फक्त कुणाचं तरी पत्र आलं होतं, हे खाली बघितलं की बऱ्याचदा कळतं.

सगळ्यात फेमस उदाहरण म्हणजे जर्मन चित्रकार ड्यूररचा गेंडा. १५१५ चं वुडकट, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेलं चित्र, चिलखत घातल्यासारखं अंग, त्यावर रिबिट ठोकल्यासारखे ठिपके, पायांवर खवले, आणि खांद्यांच्या मधोमध एक जास्तीचं छोटं शिंग, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. आल्ब्रेख्ट ड्यूरर न्यूरेम्बर्गला बसला होता आणि गेंडा होता लिस्बनला, त्याच्याकडे आलं होतं एक पत्र आणि दुसऱ्या कुणीतरी केलेलं स्केच, बस. गेंडा आपल्याकडचाच. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने तो पोर्तुगीजांना भेट दिला, गोव्यात त्यांचा गव्हर्नर अल्बुकर्क याने विचार केला असेल की हे धूड इथे ठेवून करायचं काय, आणि त्याने तो पोर्तुगालच्या राजा मॅन्युएलकडे पाठवून दिला. जानेवारी १५१५ मध्ये जहाज गोव्याहून निघालं आणि २० मे ला लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे जी धमाल उडाली असेल ती असेल. राजाने लगेच ३ जूनला गेंडा आणि हत्तीची झुंज लावली, कारण जुन्या ग्रंथांत लिहिलं होतं की हे दोघे जन्मजात वैरी. हत्ती घाबरून पळाला, ग्रंथ खरा ठरला, सगळे खूश.

आता याच गेंड्याचं त्याच वर्षी दुसऱ्या एकाने पण वुडकट केलं होतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. हान्स बुर्कमायर, जर्मनीतल्याच ऑग्सबुर्गचा चित्रकार. याने पण गेंडा प्रत्यक्ष पाहिला असण्याची शक्यता नाहीच जवळजवळ, पण त्याचं चित्र जास्त खरं आहे, जास्तीचं शिंग नाही, चिलखत नाही. आणि पाय बघा. पुढचे दोन्ही पाय जखडलेले आहेत. म्हणजे त्याच्यापर्यंत जी माहिती पोचली त्यात प्राणी बांधलेला होता आणि त्याने तो बांधलेलाच काढला. ड्यूररचा गेंडा मोकळा आहे, एकटा आहे, कुणाच्या बापाला न घाबरणारा आहे. वर छापलेल्या मजकुरात तर तो चपळ आणि हुशार असल्याचंही सांगितलंय, आणि साल चुकून १५१३ टाकलंय.

मोकळा गेंडा खपला. छापून छापून, नकला होऊन होऊन खपला, निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नरने तो आपल्या प्राण्यांच्या कोशात घेतला, पुढची दोनशेच्या वर वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हाच. बुर्कमायरच्या वुडकटची आज एकच प्रत उरलीय, व्हिएन्नाच्या अल्बर्टिना म्युझियममध्ये. एकच.

आणि त्या जखडलेल्या पायांचं पुढे काय झालं ते ऐका. राजाने गेंडा पोप लिओ दहावा याला भेट म्हणून रवाना केला, गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा वगैरे घालून. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात सापडलं आणि बुडालं. गेंडे पोहतात, चांगले पोहतात, पण हा डेकला साखळीने बांधलेला होता. हे एकदा वाचलं की ड्यूररचं चित्र पूर्वीसारखं दिसत नाही, निदान मला तरी नाही. भारी आहे, रेषा तर काय विचारू नका, पण गेंड्याच्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू त्यात नाहीये.

ड्यूररचं ते जास्तीचं शिंग युरोपच्या डोक्यातून काढायला खरा गेंडा यावा लागला, खरं तर गेंडी. क्लारा. बंगालमधलं पिल्लू, आई शिकाऱ्यांनी मारलेली, डच कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या घरात वाढलेली, इतकी माणसाळलेली की लहानपणी म्हणे जेवणाच्या टेबलाभोवती फिरायची. १७४१ मध्ये एका डच कप्तानाने तिला रॉटरडॅमला नेलं आणि मग सतरा वर्षं गाडीत घालून युरोपभर तिकीट लावून दाखवत हिंडला. लोकांनी तिला जवळून, वेळ घेऊन पाहिलं, चित्रकारांनी पण. फ्रेंच चित्रकार ऊद्रीने १७४९ मध्ये पॅरिसला तिचं लाइफ-साइज तैलचित्र केलं, जड, सुरकुतलेली, जमिनीवर नीट वजन टाकून उभी असलेली बाई. लेडनच्या शरीरशास्त्रज्ञ अल्बिनुसचा माणसाच्या हाडांचा आणि स्नायूंचा प्रसिद्ध अ‍ॅटलास १७४७ चा, त्यात चित्रकार वांडेलारने एका सांगाड्याच्या मागे क्लाराला निवांत चरत उभी केलीय. का, तर मागे काहीतरी हवं. काही विद्वानांना ते आवडलं नाही, विषय काय आणि हे काय म्हणून. मला विचाराल तर त्या पानावर आधी नजर गेंड्याकडेच जाते, सांगाडा नंतर.

पायांचा सगळ्यात वेडा किस्सा मात्र पक्ष्यांचा आहे. बर्ड ऑफ पॅराडाइज, स्वर्गीय पक्षी. मॅगेलनच्या मोहिमेतलं एकच जहाज १५२२ मध्ये परत पोचलं, त्यातून या पक्ष्यांची वाळवलेली कातडी स्पेनला आली. न्यू गिनीकडचे लोक दागिना म्हणून, व्यापारासाठी ही कातडी करायचे, त्यात पिसारा महत्त्वाचा, पाय कशाला हवेत, ते कापून टाकायचे. युरोपात पोचला तो बिनपायांचा पक्षी. मग काय, पक्ष्याला पायच नाहीत, म्हणजे हा कधी बसतच नाही, जन्मभर हवेत, दवावर जगतो, जमिनीवर येतो तो मेल्यावरच. मग मादी अंडी कुठे घालते? नराच्या पाठीवरच्या खळग्यात! प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. गेस्नरच्या कोशातलं चित्र तसंच आहे, खालून सपाट, पिसांचा नुसता झोत, आणि पायांच्या जागी काही नाही.

यातली गंमत अशी की त्याच जहाजावरचा पिगाफेट्टा, ज्याने मोहिमेची सगळी हकीकत लिहून ठेवली, त्याने चक्क लिहिलंय की या पक्ष्याला पाय असतात, वीतभर, बोरूसारखे बारीक. म्हणजे माहिती होती. पहिल्याच बोटीतून आली होती. पण बिनपायांची गोष्ट इतकी छान होती की पाय कुणाला नको होते. पुढे १६०५ मध्ये क्लूसियस नावाच्या निसर्गअभ्यासकाने पण सांगितलं की बाबांनो पाय असतात, आणि तरी १७५८ मध्ये सगळ्या प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने यांच्यातल्या मोठ्या जातीला नाव दिलं ते अपोडा, बिनपायांचा, आणि ते आजही तसंच चालू आहे. निसर्गअभ्यासक वॉलेस १८५७ मध्ये न्यू गिनीजवळच्या अरू बेटांवर गेला आणि त्याने हे पक्षी झाडांवर नाचताना पाहिले, फांदी घट्ट धरून.

कातड्यावरून काढलेल्या चित्रांत माझं सगळ्यात आवडतं इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्जचं कांगारू. आवडतं म्हणजे ते बरोबर आहे म्हणून नाही. स्टब्ज हा घोड्यांचा माणूस, त्याने दीड वर्ष एका फार्महाऊसमध्ये मेलेले घोडे टांगून, एक एक थर सोलून त्यांची शरीररचना काढली, त्याचं ते घोड्याच्या अ‍ॅनाटमीचं पुस्तक १७६६ मध्ये आलं. वास केवढा येत असेल विचार करा. पाय म्हणजे काय, सांधा कसा वळतो, वजन कुठे पडतं, हे त्या काळात याच्याइतकं कुणाला कळत नसणार. अशा माणसाकडे कॅप्टन कुकच्या सफरीवर गेलेला निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स काय घेऊन येतो, तर कुकच्या जहाजावरून आणलेलं कातडं. जुलै १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर जहाज दुरुस्तीला लागलं होतं तेव्हा मारलेला प्राणी, मांस खलाशांनी खाल्लेलं. कातडं फुगवून आकार आणला आणि त्यावरून स्टब्जने १७७२ मध्ये चित्र केलं.

ते चित्र बघताना मला दरवेळी स्टब्जची दया येते. कान उभे, मान वळवून मागे बघणारा, तोंड उंदराच्या वळणाचं, आणि मागचे पाय... ते आहेत, लांब आहेत, तो त्यावर बसलाय पण, पण ते उडी मारतील असं काही केल्या वाटत नाही. घोड्याच्या प्रत्येक स्नायूचं नाव माहीत असलेला माणूस एका अख्ख्या नव्या पायापुढे बसलाय आणि आत हाड कसं आहे, कंडरा कुठून जाते, हे त्याला कुणी सांगू शकत नाही, आणि तो अंदाजाने भरत नाही, जेवढं कातड्यावर दिसतंय तेवढंच देतो. यात मला प्रामाणिकपणा दिसतो. लोकांनी मात्र तेच खरं धरलं, १७७३ मध्ये कुकच्या सफरीचं अधिकृत वर्णन छापून आलं त्यात यावरून केलेलं एन्ग्रेव्हिंग (पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) होतं, आणि कितीतरी वर्षं ब्रिटनमध्ये कांगारू म्हणजे हे असं मागे वळून बघणारं. (याच स्टब्जने १७६३ मध्ये राणीच्या जिवंत झेब्र्याचं चित्र केलं होतं, ते बघा म्हणजे फरक कळेल. झेब्रा समोर होता आणि मुळात घोड्याचा भाऊबंद, तिथे पठ्ठ्याचा हात कुठेही अडत नाही.)

झेब्रा म्हटलं की मला आधी आठवतो तो मात्र स्टब्जचा नाही, जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचा. त्याच्या जवळपास एकशेचाळीस वर्षं आधीचा, १६२१ चा, आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. जहांगीर बादशहा कसा होता यावर कुणाला काय म्हणायचंय ते म्हणू दे, प्राण्यांच्या बाबतीत हा माणूस सॉलिड होता. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की आमच्या पणजोबांनी, म्हणजे बाबराने, प्राण्यांची वर्णनं केली पण चित्रकारांना चित्रं काढायला सांगितलं नाही. ही खंत १६१२ ची, तेव्हा गोव्याहून त्याच्यासाठी टर्की वगैरे विचित्र पक्षी आले होते, आणि ऐकण्यावर भागवायचं नाही म्हणून त्याने लगेच चित्रं काढून घेतली. झेब्रा आला तेव्हा दरबारात लोकांना वाटलं कुणीतरी गाढवाला पट्टे रंगवलेत. तपासून पाहिलं, रंग नव्हता. आणि जहांगीर ते वर्णन करतो ते कसं, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, कानाच्या टोकापासून खुरापर्यंत काळे पट्टे, जिथे जेवढे हवे तेवढे जाड-बारीक. खुरापर्यंत! असा माणूस भेटला की बरं वाटतं.

मन्सूरच्या चित्रात पाय तसेच आहेत, पट्टे खाली खाली जाताना बारीक होत गेलेले, खूर वेगळे, आणि तोंडाला मोरकी. जनावर बांधलेलं होतं, बांधलेलंच काढलंय. लपवायचं काहीच कारण नव्हतं, ती भेट होती, मालकी दाखवायची होतीच, आणि पुढे हाच झेब्रा इराणच्या शहा अब्बासला पाठवायचं ठरलं.

मन्सूरचंच मानलं जाणारं आणखी एक चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे, डोडोचं, साधारण १६२५ च्या सुमाराचं. युरोपातला प्रसिद्ध डोडो चित्रकार रूलांट साव्हरीचा, गोलमटोल, ढोल्या, तोच सगळीकडे छापला जातो, पण तो पिंजऱ्यात खाऊन खाऊन सुटलेल्या किंवा पेंढा भरलेल्या पक्ष्यावरून केलेला असणार असं अभ्यासक म्हणतात. मन्सूरचा डोडो बारीक आहे, आजूबाजूला बदकं-पोपट वगैरे ओळखता येणारे पक्षी आहेत आणि ते सगळे इतके अचूक आहेत की मधल्या डोडोवर पण विश्वास ठेवावासा वाटतो. पीटर मुंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने त्याच सुमाराला सुरतेला दोन डोडो पाहिल्याचं लिहिलंय. खऱ्या डोडोचं आज काय उरलंय तर हाडं सोडली तर ऑक्सफर्डच्या म्युझियममध्ये एक डोकं आणि एक पाय. त्या डोक्याचा स्कॅन केला तेव्हा २०१८ मध्ये कळलं की त्यात शिशाचे छर्रे आहेत, मागून गोळी घातलेली.

पक्ष्यांचा चित्रकार ऑड्युबॉन याच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही म्हणून थोडक्यात. त्याचे ते अमेरिकेतले पक्षी, १८२७ ते १८३८, ४३५ चित्रं, प्रत्येक पक्षी खऱ्या मापात, त्यामुळे कागद जवळजवळ मीटरभर उंच. तो ताजे मारलेले पक्षी तारांनी टोचून फळीवर हव्या त्या पोझमध्ये बसवायचा, आणि ते कळल्यावर त्याच्या पक्ष्यांतली ती थोडी जास्तच नाटकी वळणं कुठून येतात ते समजतं. त्याचा फ्लेमिंगो मात्र मला फार आवडतो. खऱ्या मापात काढायचा हट्ट, आणि पक्षी काही कागदावर मावेना, तर पठ्ठ्याने पाय आहेत तेवढे लांब ठेवले आणि मान खाली वाकवली. आज फ्लेमिंगो म्हटलं की जी पोझ आपल्याला अगदी नॅचरल वाटते ती निम्मी कागदाच्या मापामुळे आहे.

एक जरा टेक्निकल गोष्ट, कारण ऑनलाइन स्कॅन बघणाऱ्यांना ती उपयोगी पडते. चित्रकाराने काढलं ते आपण बघतो असं आपल्याला वाटतं, पण मध्ये किमान दोन माणसं असतात. एक तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा, आणि पत्र्यावर जे कोरलं त्याचं छापताना उलटं होतं, डावं ते उजवं. प्राण्यांत हे कळत नाही, पण शंखात पकडता येतं, खुद्द रेम्ब्रांटचा १६५० चा शंख उलटा वळलेला आहे, सही मात्र सुलटी. दुसरा रंगवणारा. छापील रंग खूप उशिरा आले, तोवर प्रत्येक प्रत हाताने रंगवायची, एक नमुना समोर ठेवून टेबलाभोवती बसलेल्या बायका-मुलांनी दिवसभर तेच. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत एकाच पोपटाचे दोन हिरवे असू शकतात, आणि खरा हिरवा कुठला यावर भांडण्यात अर्थ नसतो. मूळ पान हातात आलंच तर भिंग घेऊन बघा: तांब्याचं असेल तर रेघेची शाई कागदावर किंचित उठलेली असते, रंग रेघेच्या बाहेर कुठेतरी घसरलेला असतो, आणि चित्राच्या चारही बाजूंनी पत्रा दाबल्याची खोल कड दिसते. भिंगाखाली नुसते रंगीत ठिपके ठिपके दिसले तर ते अलीकडचं छापील आहे, विकणारा काहीही सांगो.

आणि विकणाऱ्यांवरून आठवलं. ही जी फ्रेम केलेली सुटी सुटी पानं मिळतात ना, ती कुठून येतात? अख्खं पुस्तक फाडून. एक पुस्तक एका माणसाला विकण्यापेक्षा पन्नास पानं पन्नास जणांना विकली तर पैसे जास्त, हिशोब सरळ आहे. वर कधी कधी मूळचं काळंपांढरं पान आत्ता बसून रंगवलेलं पण असतं. मला भिंतीवर लावलेली ही पानं आवडत नाहीत असं म्हटलं तर खोटं ठरेल, पण फाडलं की वर्णन एकीकडे आणि चित्र एकीकडे होतं, आणि या चित्रांत वर्णनाशिवाय निम्मं कळत नाही. त्यापेक्षा बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या वेबसाइटवर जा, पुस्तकंच्या पुस्तकं स्कॅन करून फुकट ठेवलीत, पान उलटत उलटत बघा, झूम करून पाय बघा.

तिथे एडवर्ड लियरचे पोपट नक्की काढा. हा पोरगा १८३० मध्ये अठरा वर्षांचा होता आणि लंडनच्या झूमध्ये जाऊन त्याने ठरवलं की मी फक्त जिवंत पोपट काढणार, तेव्हा सगळे पेंढा भरलेल्या नमुन्यांवरून काढायचे. झूच्या माणसाने पोपट धरायचा, याने मापं घ्यायची, पक्षी चावणार, ओरडणार, पिंजऱ्याभोवती गर्दी जमणार, ती गर्दी पण याने चित्रांच्या कडेला टिंगल करत काढून ठेवलीय. मग लिथोग्राफीच्या, म्हणजे दगडावरून छापायच्या पद्धतीच्या, दगडावर स्वतःच काढायचं, मधला कोरणारा कटाप. आणि पाय काय आहेत! पोपटाची दोन बोटं पुढे दोन मागे असतात, ती फांदीला कशी आवळलीत, खवल्यांची रांग वळणावर कशी एकमेकांवर चढलीय, नख फांदीच्या सालीत कुठे रुततंय, आणि पक्ष्याचं सगळं वजन त्या पकडीत उतरलंय. पेंढा भरलेल्या पक्ष्याला फांदी नुसती टेकलेली असते, तो काही धरत नाही. अशी ४२ चित्रं झाली, प्रती १७५ च काढायच्या ठरलं होतं, दगड परवडेनात म्हणून छापून झालं की चित्र पुसून दगड परत वापरायचा, आणि १८३२ मध्ये पैसे संपले तसं काम थांबलं.

त्यातला एक मोठा निळा मकॉ (लांब शेपटीचा मोठा पोपट) लियरने हायसिंथ मकॉ या जातीचा समजून काढला. १८५६ मध्ये बोनापार्ट नावाच्या पक्षीतज्ज्ञाने (हो, नेपोलियनचा पुतण्या) सांगितलं की ही जातच वेगळी आहे आणि तिला लियरचं नाव दिलं. म्हणजे पोराने जे समोर होतं तेच काढलं होतं, नावाच्या भानगडीत न पडता. पुढे शंभरेक वर्षं हा पक्षी फक्त पिंजऱ्यांत आणि म्युझियमांत, तो राहतो कुठे हेच कुणाला ठाऊक नाही, शेवटी १९७८ मध्ये हेल्मुट झिक नावाच्या पक्षीतज्ज्ञाला ब्राझीलमधल्या बाहियाच्या कोरड्या कड्यांमध्ये त्याचे थवे सापडले. लियरला जाऊन तेव्हा नव्वद वर्षं झाली होती. चित्राखाली नाव मात्र अजून हायसिंथचंच आहे, छापलेलं आता कोण खोडणार.